गरोदरपणात वजन: किती वाढू द्यायचं?

प्रश्न : वय २९, उंची १५६ सेंमी. दिवस राहिले तेव्हा वजन ७० किलो होतं, आता चौदाव्या आठवड्यात ७२ भरलं. डॉक्टर म्हणतात, वजन आवरा. सासूबाई म्हणतात, दोन जिवांची आहेस, पोटभर जेव. मी रात्रीच्या पोळ्या बंद केल्या आहेत. बरोबर केलं का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : रात्रीच्या पोळ्या आजपासून परत सुरू करा. वजन आवरा म्हणजे उतरवा असं नव्हे. या नऊ महिन्यांत उपाशी राहून वजन घटवायचं नसतं. ते हळू वाढू द्यायचं असतं.

किती, ते बघू. गरोदर होण्याआधीचा तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २८.८ येतो. २५ ते ३० च्या दरम्यान बीएमआय असेल तर पूर्ण गरोदरपणात ७ ते ११.५ किलो वाढ चालते. ३० च्या वर असेल तर ५ ते ९. हे आकडे आंतरराष्ट्रीय तक्त्यातले आहेत. आपल्याकडे २५ च्या पुढेच लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या शरीराला मधुमेह लवकर गाठतो. म्हणून तुम्ही खालच्या बाजूला राहिलात तर उत्तम. दोन किलो आधीच वाढलंय. उरलेल्या २६ आठवड्यांत आठवड्याला पाव किलोच्या किंचित वर, म्हणजे महिन्याला साधारण सव्वा किलो धरा. नऊ-साडेनऊ किलोवर प्रकरण थांबेल. त्यातलं तीन किलोच्या आसपास बाळ, बाकी वार, गर्भजल, वाढलेलं रक्त आणि गर्भाशय. अंगावर चरबी चढायला फार जागा उरत नाही, आणि तेच हवं आहे.

वजन करायची पद्धत चुकली की आकडे नुसते घाबरवतात. दवाखान्यात साडी, चपला आणि जेवणानंतरचं पोट धरून किलोभर फरक सहज पडतो. घरी एकच काटा ठेवा, फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. आठवड्यातून एकच दिवस, सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. रोज बघू नका.

आता जेवण. पोळी-भात हा गुन्हेगार क्वचितच असतो, गुन्हेगार तेल आणि साखर असतात. घरात चार माणसं आणि महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज ४० मिली तेल पोटात जातंय. म्हणजे साधारण साडेतीनशे कॅलरी, आणि त्या ताटात दिसतही नाहीत. माणशी महिन्याला ६०० मिली पुरे. डब्यातून थेट कढईत ओतणं बंद करा, चमच्यानं मोजून घाला. सांबारवडी, आलूबोंडा, सावजीचा रस्सा आठवड्यातून एखाद्या वेळी आणि एकच. तर्री-पोह्यांत चणे घ्या, वरचा तवंग राहू द्या. हे नागपूरकराला सांगणं जिवावर येतं, पण इलाज नाही. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दीडशेहून जास्त कॅलरी. दोनच चहा प्या, साखर निम्मी करा.

कापायचं ते इथे. वाढवायचं ते प्रथिनांत : वरण पातळ न करता घट्ट, रोज एक वाटी मोडाची उसळ किंवा झुणका, दूध-दही, चालत असेल तर एक-दोन अंडी. रात्री दोन पोळ्या किंवा एक भाकरी, भाजी दुप्पट. भाकरीसोबत जवसाची चटणी घ्या, पण चमचाभर, आणि तेल न ओतता. संत्री सोलून खा. रस काढला की एका ग्लासात तीन-चार फळं जातात आणि चोथा टाकून देतो. लोहाची गोळी त्या फळासोबत चालते, चहासोबत नाही. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास दूर ठेवा.

सलग दोन आठवडे अर्ध्या किलोहून जास्त वाढलं तर जेवण वगळू नका; तेल, गोड आणि मधल्या वेळचं खाणं आधी तपासा. सासूबाईंना एवढंच सांगा की ताट पूर्ण आहे, फक्त त्यातले पदार्थ बदललेत.

साखरेची तपासणी अजून झाली नसेल तर लगेच करा : ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, दोन तासांनी रक्त, उपाशीपोटी असण्याची गरज नाही. १४० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टर पुढचं ठरवतील. कमी आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो निकाल धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी परत.

प्रश्न : पाचवा महिना. चालायला सांगितलंय, पण मे महिन्यात नागपुरात चालायचं कधी?
— इतवारी

उत्तर : पंचेचाळीस डिग्रीत कोणीच सांगणार नाही. सहाच्या आधी निघा, सातच्या आत घरी या. नाही जमलं तर तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं घरातल्या घरात, कूलरसमोर. जेवणानंतरचं चालणं साखरेलाही बरं. आठवड्याचे दीडशे मिनिटं झाले की पुरे. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. पोटात कळ, रक्त, पाणी जाणं, छातीत दुखणं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. वार खाली असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल तर आधी विचारूनच.

प्रश्न : आठवा महिना. एका आठवड्यात दीड किलो वाढलं, बोटातली अंगठी निघत नाही. मीठ कमी करू का?
— गोधनी

उत्तर : मिठाचा विचार नंतर, रक्तदाब आज. इतकं झटपट वजन जेवणानं वाढत नाही, अंगात पाणी साचल्यानं वाढतं. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखत असेल, तर रात्र असली तरी डागा, मेडिकल, मेयो, जे रुग्णालय जवळ असेल ते गाठा. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते, पण या लक्षणांत त्या तारखेसाठी थांबू नका.

प्रश्न : संकष्टी आणि एकादशी धरते. उपवासानं वजन आटोक्यात राहील ना?
— महाल

उत्तर : उलट वाढेल. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ स्टार्च, त्यावर तूप, बटाटा आणि दाण्याचा कूट. दिवसभर काही नाही आणि चंद्रोदयानंतर भरगच्च ताट, यात साखर आधी उतरते, मग एकदम चढते. धरायचाच असेल तर दर अडीच-तीन तासांनी दही, ताक, फळ, मूठभर दाणे किंवा राजगिऱ्याची भाकरी घ्या. निर्जळी मुळीच नको. मधुमेह निघाला असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास बाळंतपणानंतर.