ऑफिसातल्या विजेच्या उपकरणांच्या टेस्टिंगसाठी एका दिवसाचं ट्रेनिंग पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की वडोदऱ्यात अलकापुरीला तुमचं ऑफिस आहे, इंग्लंडच्या ग्राहकाने दरवर्षीच्या 'पॅट टेस्टिंग'चा (पोर्टेबल अप्लायन्स टेस्टिंग, म्हणजे टॉप लावून वापरायच्या उपकरणांच्या सुरक्षा-तपासणीचा) पुरावा मागितलाय, आणि ऑफिसातल्या एका मुलाला दिवसभराचं ट्रेनिंग देऊन मीटर हातात द्यावा का. मी इथल्याच मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत २२ वर्षं मेंटेनन्स बघतोय, त्यावरून सांगतो.

डोळ्यांनी तपासणं एका दिवसात नीट शिकवता येतं, आणि ते जरूर शिकवा. बहुतेक दोष दिसणारेच असतात: टॉपमधून (प्लगमधून) निसटलेली कॉर्ड, टेप गुंडाळलेला जोड, काळी पडलेली पिन. दरवर्षीची सक्ती मात्र इंग्लंडच्या कायद्यातही नाही. तिथले १९८९चे 'इलेक्ट्रिसिटी ॲट वर्क' नियम उपकरण सुरक्षित ठेवा म्हणतात, मुदत सांगत नाहीत. जागचा न हलणारा संगणक आणि रोज ओढत नेला जाणारा ड्रिल यांना एकच मुदत लावायची नसते, हे ग्राहकाला लेखी कळवा.

मीटर ही वेगळी गोष्ट आहे. इन्सुलेशन तपासताना उपकरणाचा स्वतःचा स्विच चालू लागतो. बंद राहिला तर फक्त कॉर्ड तपासली जाते आणि मीटर खुशाल 'पास' म्हणतो. धातूच्या बॉडीच्या, अर्थिंगवाल्या उपकरणाला ५०० व्होल्टवर इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगाओहम हवा, दुहेरी इन्सुलेशनवाल्याला (ज्याला अर्थिंग लागत नाही) २. सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा भाग) असेल तर ५०० व्होल्टवर चांगलं उपकरणही फेल दाखवतं, तिथे २५० वर घ्यावं लागतं. अर्थच्या तारेचा रोध मोजताना कॉर्ड दोन्ही टोकांशी वाकवून बघायची, आतून तुटत आलेली तार तेव्हाच आकडा हलवते. हे सगळं एखाद्या अनुभवी वायरमनच्या शेजारी उभं राहून, निदान शंभरेक उपकरणं हाताखालून गेल्यावर अंगवळणी पडतं.

आता खरी काळजीची बाब. इंग्लंडचे कोर्स तिथल्या टॉपसाठी बनलेत. त्यांच्या टॉपमध्ये फ्यूज असतो, आपल्या थ्री-पिनमध्ये नसतो. आणि बोर्डाला अर्थिंग आहे हे ते धरूनच चालतात.

आमच्या एका शेडमध्ये पावसाळ्यात वॉटर कूलरला हात लावताच एक मुलगा फेकला गेला. वाचला, पण आठवडाभर त्याचा हात थरथरत होता. कूलर दोनदा तपासला, दोन्ही वेळा पास. मग बोर्ड उघडला. अर्थिंगची तार आलेलीच नव्हती, म्हणून कुणीतरी अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलला वीतभर तार जोडून ठेवली होती. बोर्डाकडे येणाऱ्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला पडला आणि कूलरची अख्खी बॉडी जिवंत झाली. वायरिंग करणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, टेस्टरवर सगळं बरोबर दाखवत होतं." दाखवणारच! साधा मल्टिमीटरसुद्धा गंजक्या अर्थिंगवर पूर्ण २३० दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. अर्थिंगला करंट वाहून नेता येतो का ते लूप टेस्टरने कळतं. आणि लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये नेमका शून्य व्होल्ट आला, तर मी आधी बोर्ड उघडायला लावतो.

म्हणून टेस्टर विकत घेण्याआधी लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून प्रत्येक बोर्डाचं अर्थिंग लूप टेस्टरने मोजून घ्या आणि आकडे बोर्डानुसार लिहून ठेवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवा. मुलाला त्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाबरोबर फिरू द्या. सुरुवात पँट्रीपासून करा; किटली, कूलर, मायक्रोवेव्ह, सगळं ओल्या हातांनी वापरलं जाणारं तिथेच असतं.