खालचाच स्क्रू का सुटला?

प्रश्न : माझ्या मुलीचं वय १५. पुढे आलेले दात मागे घेण्यासाठी तारांच्या जोडीला, दात ओढायला आधार म्हणून, जबड्याच्या हाडात वर दोन आणि खाली दोन असे चार मिनी-स्क्रू बसवले. पाचव्या आठवड्यात खालचा उजवीकडचा हलायला लागला आणि काढावा लागला. बाकीचे घट्ट आहेत. तिच्या शरीराने तो स्वीकारला नाही का? हाड कच्चं आहे का? की स्क्रूच हलक्या प्रतीचा होता? – एक आई

उत्तर : ताई, उरलेले तीन त्याच मुलीच्या जबड्यात घट्ट उभे आहेत, तेव्हा पहिल्या दोन शंका सोडून द्या. तिसरीही बहुधा खरी नसावी. हे स्क्रू साधारण एकाच प्रकारच्या टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. कंपनी कोणती, हे विचारणारे पालक मला रोज भेटतात. स्क्रू नेमका कुठे बसणार, हे विचारणारे विरळाच. खरा प्रश्न तोच आहे.

पडलेल्या दाताच्या जागी बसवतात तो इम्प्लांट हाडाशी एकजीव व्हावा लागतो. मिनी-स्क्रूचं तसं नाही. जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा हा स्क्रू काम झालं की उलटा फिरवून काढायचा असतो. तो टिकतो तो हाडाच्या बाहेरच्या कठीण थरातल्या पकडीवर. हा थर मिलिमीटरभर तरी जाड हवा. म्हणूनच स्क्रूच्या लांबीपेक्षा जाडीला महत्त्व. दोन मिलिमीटरने जास्त लांब स्क्रू घेतल्याने फारसं काही साधत नाही.

आता गंमत पाहा. खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा कठीण, तरी सुटतात ते जास्त करून खालचेच. कठीण हाडात स्क्रू शिरवताना जोर जास्त लागतो, हाड दाबलं जातं, तापतं. ४७ अंश सेल्सिअसची उष्णता मिनिटभर लागली तरी हाडाला इजा होते, हे १९८३ मध्येच प्रयोगांतून दिसलं होतं. म्हणजे पकड ढिली नको, तशी वाजवीपेक्षा आवळलेलीही नको.

दुसरं कारण तुम्ही घरी बघू शकता. मुलीला आरशासमोर उभं करा आणि तिचा खालचा ओठ हलकेच पुढे ओढा. दातांलगतची फिकट गुलाबी पट्टी जागची हलणार नाही. तिच्याखालचा लालसर, चकचकीत भाग ओठाबरोबर ताणला जाईल. स्क्रू त्या न हलणाऱ्या पट्टीत असला तर बरं. खाली, दाढांकडे, ही पट्टी अरुंद असते. स्क्रू थोडा खाली गेला की गालाच्या प्रत्येक हालचालीबरोबर भोवतालची त्वचा त्याला घासते, अन्न अडकतं, सूज येते. आणि सूज टिकली की स्क्रू टिकत नाही. फार वर बसवावा, तर दोन मुळांमधली जागा चिंचोळी. मुळाला टेकला तर प्रत्येक घासागणिक त्याला हिसका बसतो. बसवणाऱ्याला एवढ्याशा जागेत हा मेळ घालायचा असतो.

पाचव्याच आठवड्यात का? सुरुवातीची पकड निव्वळ दाबाची असते. नंतर स्क्रूलगतचं हाड झिजून नवं भरू लागतं आणि या अदलाबदलीत पकड काही काळ कमी होते. त्यात वाढत्या वयातलं हाड मोठ्यांइतकं दाट नसतं.

२०१२ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा शंभरातले तेरा-चौदा स्क्रू सुटल्याचं दिसलं. या हिशेबाने चार बसवले की एखादा तरी सुटण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या पुढे जाते. हे आधी सांगायला हवं होतं, एवढं मात्र तुमच्या डॉक्टरांना जरूर म्हणा.

नवा स्क्रू लगेच त्याच भोकात बसवत नाहीत. थोडा बाजूला बसवतात किंवा जागा भरून येऊ देतात. उरलेल्या तिघांभोवती मऊ ब्रश रोज फिरला पाहिजे. आणि जिभेने, बोटाने चाचपून पाहणं बंद! मुलं हे दिवसभर करतात आणि विचारलं की नाही म्हणतात.

प्रश्न : स्क्रू काढताना भूल द्यावी लागते का? – एक वाचक

उत्तर : बहुतेकदा नाही. हिरडी स्क्रूवर चढली असेल तर थोडी लागते. टाका घालावा लागत नाही.