विमानाची कंपन-चाचणी कशासाठी?

प्रश्न : पावसाळ्यात मुंबई विमानतळावर उतरताना पंखाचे टोक बरेच वरखाली होताना दिसले. नवे विमान उडण्यापूर्वी जमिनीवर कंपित करून तपासतात, असे वाचले होते. पंख मोडणार नाही याची खात्री त्यातून होते का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : नाही. पंखाच्या ताकदीची चाचणी वेगळी असून तीत अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार रचनेने किमान 3 सेकंद पेलावा लागतो. आपण पाहिलेले वाकणे पंखाच्या लवचीकतेमुळे होते व त्यात काही वावगे नाही. कंपन-चाचणीत बल त्यामानाने किरकोळ असते. रचना कोणत्या वारंवारतेला, कोणत्या आकारात डोलते आणि ते डोलणे किती लवकर विरते, एवढेच तीत मोजायचे असते. सिग्नलला थांबलेल्या बसची एखादीच खिडकी इंजिनाच्या ठरावीक वेगाला खडखडते, तसा विमानाच्या प्रत्येक भागाचा स्वतःचा ठेका असतो.

खरी भीती फ्लटरची आहे. वेग वाढत जाताना पंखाचे वाकणे आणि पिळवटणे एकमेकांत गुंतले, तर वाहत्या हवेतून ऊर्जा घेत कंपन वाढतच जाते आणि काही क्षणांत रचना तुटू शकते. 1959 आणि 1960 मध्ये अमेरिकेत लॉकहीड इलेक्ट्रा जातीची दोन विमाने हवेतच मोडली. बाहेरच्या इंजिनांचे आधार सैल झाल्यास इंजिनापुढच्या फिरत्या पंख्याचे (प्रॉपेलरचे) डगमगणे पंखाच्या कंपनाशी जुळते, असे तपासात निष्पन्न झाले.

चाचणीतली खरी अडचण, माझ्या मते, विमान टेकवायचे कशावर ही आहे. ते हवेत असल्यासारखे मोकळे हवे. टणक फुगवलेल्या टायरांवर ठेवले तर टायरांवरचे हिंदकळणे पंखाच्या मोजमापात मिसळते. म्हणून टायरांतली हवा कमी करतात किंवा विमान हवेच्या स्प्रिंगांवर अथवा लवचीक दोरांवर तोलतात. मग शेकर नावाची विद्युत-यंत्रे जोडून शेकडो ॲक्सेलेरोमीटरांनी (कंपनाचा त्वरण मोजणाऱ्या संवेदकांनी) प्रतिसाद टिपतात. सांध्यांतले घर्षण आणि सुकाणूंची (दिशा-उंची बदलणाऱ्या हलत्या पृष्ठांची) ढिलाई यांमुळे बल बदलले की वारंवारताही किंचित सरकते, म्हणून तीच मोजणी कमीअधिक बलाने पुन्हा करावी लागते.

हँगरमध्ये वाहती हवा नसल्याने ही चाचणी फ्लटर दाखवत नाही. तिच्या आकड्यांनी संगणकावरील प्रतिमान सुधारून मग फ्लटरचा वेग काढतात. मोठ्या प्रवासी विमानांसाठी तो संकल्पित सूर मारण्याच्या वेगाहून (नाक खाली करून झेपावताना रचनेसाठी धरलेल्या कमाल वेगाहून) किमान 15 टक्के वर असावा, असा नियम आहे. त्यानंतर वैमानिक टप्प्याटप्प्याने वेग वाढवत, प्रत्येक टप्प्यावर कंपन विरते का हे पाहूनच पुढच्या टप्प्याकडे वळतो.