तुरुंगात जागा नाही म्हणून गुन्हेगारांना सोडून द्यायचं का?

तुम्ही विचारलंय की लोकांना कडक शिक्षा हवी असताना कोर्टं गर्दीचं कारण देऊन आरोपींना का सोडतात, आणि सरकार नवे तुरुंग का बांधत नाही. मी फौजदारी वकिली करते. माझ्याकडची बरीच प्रकरणं विधी सेवा प्राधिकरणाकडून येतात, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची. तेव्हा माझं मत कुठून आलंय ते लक्षात घेऊन वाचा.

तुमचा राग खोटा नाही. पण ज्यांच्यावर तो आहे ती माणसं आणि ज्यांनी तुरुंग भरलेत ती माणसं बहुतेक वेळा वेगळी असतात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता होती ४ लाख ३६ हजार आणि आत होते ५ लाख ७३ हजार. त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही असे. चारातले तीन! मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात पन्नास जणांच्या बराकीत दोनशेहून जास्त माणसं ठेवली जातात, हे २०२५ मध्ये उच्च न्यायालयानेच एका जामीन आदेशात नोंदवलं.

यातले काही गंभीर गुन्ह्यांतले आहेत, ते मी नाकारत नाही. पण मला रोज भेटतात ते चोरीचे, मारामारीचे, किरकोळ फसवणुकीचे आरोपी. अनेकांना जामीन मंजूर झालेला असतो, तरी ते आतच असतात. कोर्टाने पंधरा हजारांचा जामीनदार मागितला की त्या माणसाचं रेशनकार्ड हवं, पगाराची स्लिप किंवा सातबारा हवा, कुठे ऐपतीचा दाखलाही हवा. बिहारहून येऊन नाक्यावर काम शोधणाऱ्या मजुरासाठी मुंबईत असा जामीनदार कोण उभा राहणार? १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात जामीनदार भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. इतकी वर्षं झाली, तरी हीच अडचण घेऊन बायाबापड्या कोर्टाच्या आवारात माझ्यासमोर उभ्या असतात.

‘सोडतात’ म्हणजे नक्की काय, तेही पाहा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या कलम ४७९ नुसार, गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत गेला तर जामीन द्यायचा. आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांशावर. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. एकाहून जास्त खटले चालू असतील तरी नाही. शिवाय हा जामीन आहे, सुटका नव्हे. खटला चालूच राहतो.

लोकमताचं म्हणाल तर २०१९ ची हैदराबादची चकमक आठवा. बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे या चकमकीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की त्यांना मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून गोळ्या घातल्या गेल्या. मला त्या फुलं टाकणाऱ्यांचा तिरस्कार वाटत नाही. निकाल लागेल यावरचाच विश्वास उडाला की माणसं असं वागतात. आणि निकाल लांबल्याची झळ सर्वात जास्त फिर्यादीला लागते. साक्षीदार गाव सोडून जातो, कुणी फितूर होतो, वर्षानुवर्षं तारखा घेऊन थकलेली बाई शेवटी म्हणते, “मॅडम, मिटवून टाका.” शिक्षा दहाची वीस वर्षं केली तरी या बाईच्या पदरात काय पडणार? तिला निकाल हवाय, आणि तो ती धडधाकट असतानाच हवाय.

म्हणून नवे तुरुंग जरूर बांधा, बराकीत माणसं अक्षरशः कुशीवर झोपतात. पण खटले असेच रेंगाळले तर तेही कच्च्या कैद्यांनीच भरतील. त्याआधी न्यायाधीश नेमायला हवेत. १० लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत, अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ मध्येच केली होती. आज मंजूर पदं धरली तरी आकडा एकवीसच्या आसपास आहे, आणि त्यातली कितीतरी पदं रिकामी आहेत.