मुंबई–दिल्ली अंतर ११४० किलोमीटर, मग विमानाला सव्वादोन तास कसे लागतात?

अंतराला वेगाने भागून आणि राजधानी एक्स्प्रेसशी तुलना करून तुम्ही हा प्रश्न विचारलात. तुमचं गणित बरोबर आहे. दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ११४० किलोमीटर, विमानाचा उंचावरचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. भागलं तर १ तास २२ मिनिटं. तिकिटावर मात्र २ तास १५ मिनिटं. फरक पडतो कारण तिकिटावरची वेळ उडण्याची नसतेच. विमान इथल्या गेटवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू, तिथल्या गेटला लागलं की बंद.

कामासाठी या मार्गावर माझं सारखं जाणं-येणं असतं. एकदा वैतागून मोबाइलवर वेळा टिपत बसलो. ७:०५ला विमान हललं. मग रांग. खिडकीतून पुढच्या विमानांच्या चार शेपट्या दिसत होत्या. मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. चढणारी-उतरणारी सगळी विमानं तिच्यावरच. ७:२७ला चाकं सुटली, ९:०४ला दिल्लीत टेकली, ९:१८ला गेट. म्हणजे हवेत १ तास ३७ मिनिटं आणि जमिनीवर रांगण्यात ३६! गंमत म्हणजे तिकिटावर पोहोचायची वेळ ९:२० होती, त्यामुळे 'आपण वेळेआधी पोहोचलो' अशी घोषणा झाली.

हवेतली जास्तीची १५ मिनिटंही उगाच जात नाहीत. दिल्ली मुंबईच्या उत्तरेला, किंचित पूर्वेकडे. पण विमान बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उडतं, जुहूवरून समुद्रात जातं आणि मग उजवीकडे वळतं. दिल्लीत वारा पश्चिमेचा असला तर पूर्वेकडून उतरावं लागतं, म्हणजे शहराला वळसा. शिवाय १०,००० फुटांच्या खाली वेग साधारण ताशी ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. ८३०चा वेग मधल्या टप्प्यातच मिळतो.

आणि हो, कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवतात. आपल्याकडे १५ मिनिटांपर्यंतचा उशीर 'वेळेवर'च धरला जातो, त्यात ही भर पडली की आकडे छान दिसतात. मला त्याचा राग नाही. सव्वादोन तास सांगून दोन तासांत पोहोचवलेलं बरं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं पडलं की मात्र हे सगळं गणित गुंडाळून ठेवायचं.

तुम्ही राजधानी एक्स्प्रेसशी तुलना केली आहे म्हणून सांगतो: रेल्वेने सुमारे १३८५ किलोमीटर, साडेपंधरा तास. पण ती मुंबई सेंट्रलला सुटते आणि थेट नवी दिल्लीत सोडते. विमानाला घरून निघणं, ६० मिनिटं आधी बंद होणारा काउंटर, सुरक्षा तपासणी, बॅगेची वाट हे धरलं तर माझे घर ते हॉटेल सहा तास जातात. सकाळी ११ची मीटिंग असेल तर ७चं विमान घेऊ नका, ६चं घ्या.

टर्मिनल मात्र दोन्हीकडचं नीट बघा. दिल्लीत टी-३ला उतरलात तर एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला नेते. टी-१ला उतरलात तर ती लाइन तिथे नाही, मजेंटा लाइन धरावी लागेल.