आई-वडील जिवंत असलेला वीर

फँटसी आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक कॅरॅक्टर (पात्र) वठवत खेळायचा कल्पनारम्य खेळ, आणि बॅकस्टोरी म्हणजे साहसाला निघण्याआधीची त्या कॅरॅक्टरची कहाणी. सुखी बॅकस्टोरीबद्दल वाचकांनी विचारलेले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतली आहेत, कारण बहुतेकांच्या टेबलावर तीच असते. सल्ला मात्र कुठल्याही सिस्टीमला (नियमांच्या संचाला) चालेल.

प्रश्न: माझ्या कॅरॅक्टरचं घर सुखाचं आहे. आई-बाबा आहेत, धाकटी बहीण आहे, कुणाशी वैर नाही. डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणतो, "मग हा घर सोडून राक्षसांशी लढायला कशाला जाईल?" काय उत्तर देऊ?

डीएमचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर दुःखातच सापडेल असं नाही. घर जळालेल्या माणसाला मागे काही उरलेलं नसतं, म्हणून तो पुढे निघतो. सुखी घरातल्या माणसाला मागून कुणी ढकलत नाही, त्याला पुढून काहीतरी ओढतं. ती ओढ तुम्ही लिहिलेली नाही, एवढीच अडचण आहे.

"त्याला जग बघायचंय" ही ओढ पुरत नाही. जग पुढच्या वर्षीही बघता येतं, आणि एकट्यानंही. ओढ लिहून झाली की तिला तीन प्रश्न विचारा. आजच का? सोबत माणसं का हवीत? आणि हे काम दोन सेशनमध्ये (खेळाच्या बैठकींत) उरकण्यासारखं तर नाही ना? तिन्हींना उत्तर मिळालं की डीएमचं समाधान होतं.

एक क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेनं जादू करणारा पुजारी, घ्या. गावच्या मंदिराची घंटा तडकली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून सोन्याची ६० नाणी जमवली आणि ती तुमच्या हातात ठेवली, कारण गावात तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. ओतारी ९०० मागतो. उरलेली ८४० नाणी नांगर धरून मिळत नाहीत, साहसाच्या वाटेवर मिळू शकतात, आणि त्या वाटेवर एकटा माणूस टिकत नाही. इथे कुणी मेलेलं नाही, तरी जबाबदारीचं ओझं खांद्यावर आहे. मुदत मात्र सैल ठेवा. "चाळीस दिवसांत घंटा हवी" असं लिहिलंत, तर पार्टी (सगळ्या प्लेअरच्या कॅरॅक्टरांचा चमू) वाटेतल्या पडक्या बुरुजात शिरायचं म्हणेल तेव्हा दरवेळी नाही म्हणण्याची पाळी तुमच्यावरच येईल. "पुढच्या वर्षीच्या सुगीपर्यंत" हे बरं.

आणखी एक. सुखी म्हणजे निर्दोष नव्हे. मायेच्या घरात वाढलेल्या माणसाचे दोष वेगळे असतात: तो पटकन विश्वास टाकतो, शब्द देऊन बसतो, समोरचा खोटं बोलत असेल हे त्याच्या मनातही येत नाही, पैशाची घासाघीस त्याला जमत नाही. टेबलावर हे दोष सूडाच्या आगीपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडतात, कारण बाजारातल्या साध्या प्रसंगातही ते बाहेर येतात.

प्रश्न: आमचा डीएम प्रत्येक कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या कथेत) कुणाच्या ना कुणाच्या घरच्यांना मारतो. म्हणून आता सगळेच अनाथ कॅरॅक्टर आणतात. घरचे जिवंत कसे ठेवायचे?

डीएम असं करतो त्यात दुष्टपणा नसतो. प्लेअरच्या काळजाला हात घालायचा तर घरची माणसं हा सर्वांत जवळचा रस्ता, आणि एका फटक्यात परिणाम दिसतो. पण फटका एकदाच बसतो. नंतर टेबलावरचे सगळे तोच धडा घेतात की जीव लावला की हिसकावलं जातं, आणि पुढच्या वेळी डीएमच्या हाती बॅकस्टोरी कोरी ठेवलेली पाच कॅरॅक्टर शीटं (माहितीपत्रकं) येतात.

सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत, स्पष्ट बोला. "घरच्यांना फार त्रास देऊ नका" हे मोघम झालं. असं सांगा: "माझ्या घरच्यांपैकी कुणी मरणार नाही, कुणाचं अपहरण होणार नाही. बाकी अडचणी चालतील." आणि लगेच, त्याच दमात, चालणाऱ्या तीन अडचणी स्वतः पुढे करा. नुसती मनाई केली तर डीएमला घरचे लोक वापरण्याजोगे वाटत नाहीत, आणि ते कॅम्पेनमधून गायबच होतात, तेही नुकसानच. तीन अडचणी अशा असू शकतात: बहिणीचं लग्न पार्टीच्या शत्रूच्या पुतण्याशी ठरलं, वडिलांनी चुकीच्या माणसाला जामीन दिला, धाकट्या भावाला तुमचं बघून तलवार हवी झाली आणि तो मागोमाग निघाला. तिन्हींत दोन-तीन सेशनचा मालमसाला आहे, आणि शेवटी सगळे पुन्हा एका टेबलावर जेवायला बसू शकतात.

फेट नावाच्या सिस्टीममध्ये यासाठी नियमच आहे. तुमच्या कॅरॅक्टरच्या एखाद्या पैलूवरून डीएम अडचण सुचवतो. ती मान्य केलीत तर तुम्हाला एक फेट पॉइंट मिळतो, नाकारायची तर एक खर्च करावा लागतो. तुमच्या टेबलावर दुसरी सिस्टीम असेल तरी ही देवघेव उसनी घ्या. पाचव्या आवृत्तीत तिची जागा इन्स्पिरेशन (डीएमनं प्लेअरला द्यायचं छोटं बक्षीस) घेऊ शकतं: घरची अडचण खुशीनं अंगावर घेणाऱ्या प्लेअरला डीएमनं ते द्यावं.

आणि डीएमसाठी: धक्का द्यायचाच असेल तर वास्तूला द्या. गिरणी जळू दे, माणसं बाहेर अंगणात सुखरूप उभी असू देत. पुन्हा बांधायची गिरणी हेही एक कॅम्पेन असतं.

प्रश्न: लिहायचं किती? मी चार पानं लिहिली, डीएमनं वाचलीच नाहीत.

दीडशे ते दोनशे शब्द. त्यात नावानिशी तीन जिवंत माणसं, एक जागा, एक वस्तू आणि एक अपुरी राहिलेली गोष्ट. प्रत्येक माणसाला विशेषण देऊ नका, कृती द्या. "प्रेमळ आई" डीएमला वठवता येत नाही. "निघताना प्रत्येकाच्या पिशवीत न विचारता काहीतरी कोंबणारी आई" लगेच बोलू लागते.

नमुना म्हणून हा मजकूर बघा (हाफलिंग आणि ड्वार्फ हे बुटक्या लोकांचे वंश, क्लास म्हणजे कॅरॅक्टरचा पेशा, आणि रोग म्हणजे इंग्रजीतला rogue, चोरट्या कसबांचा पेशा):

"नेला, हाफलिंग, वय २३, क्लास रोग. वडील ओडो कुलूपं बनवतात. ती सात वर्षांची असताना त्यांनी तिला एक बंद डबी दिली. आत मधात घोळवलेले बदाम. किल्ली दिलीच नाही. नेलाला ती उघडायला तीन दिवस लागले. तेव्हापासून दर हिवाळ्यात एक नवी डबी, आधीच्यापेक्षा अवघड. आई तिल्ला होडी चालवते आणि उतारूंकडून बातम्या गोळा करते. आजी बर्था डबीतला खाऊ करते, त्यामुळे आत काय आहे ते तिला ठाऊक असतं, पण सांगत नाही. सोळावी डबी वर्ष होत आलं तरी उघडलेली नाही. ओडो म्हणतात, या कुलपाची रचना ड्वार्फांच्या एका तिजोरीवरून घेतली आहे. ती तिजोरी डोंगरापलीकडच्या पडक्या किल्ल्यात आहे आणि ओडोंचे गुडघे आता चढणीला साथ देत नाहीत."

यात कुलपं उघडण्याचं कसब आलं, आणि चोरी कुठेच नाही. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये गिल्ड आर्टिझन या पार्श्वभूमीच्या तक्त्यात कुलूपकारांचा संघ आहेच. महिन्याला सोन्याची ५ नाणी वर्गणी भरत राहिलं की गरजेला संघाकडून राहण्या-जेवण्याची सोय होते. आई ही बातम्यांचा झरा, म्हणजे डीएमला पुढचा धागा सोडायला जागा. किल्ला ही ओढ, आणि तिथे एकटीनं जाणं शहाणपणाचं नाही. सोळाव्या डबीत काय आहे हे मुद्दाम लिहिलेलं नाही. ती पोकळी डीएमची. तीही तुम्हीच भरलीत, तर बॅकस्टोरी डीएमसाठी फक्त वाचायची गोष्ट उरते आणि चार पानांचं झालं तेच तिचंही होतं.

प्रश्न: वॉरलॉक किंवा बार्बेरियन सुखी घरातला कसा असेल? वॉरलॉकनं जादूसाठी एखाद्या गूढ शक्तीशी सौदा केलेला, बार्बेरियन या योद्ध्याचा राग अनावर.

सौदा नेहमी अगतिकतेतूनच होतो असं नियमात कुठेही नाही. एखादी आर्चफे (परीलोकातली बलाढ्य परी) तीन पिढ्या घराची पाहुणी असेल, दर पौर्णिमेला चुलीपाशी येऊन बसत असेल, आणि पणतीला तिनं हौसेनं शक्ती दिली असेल. मग प्रश्न उरतो तो भिडेचा: इतक्या जुन्या पाहुणीनं काही मागितलं तर नाही कसं म्हणायचं? रेजचंही, म्हणजे बार्बेरियनच्या लढाईतल्या त्या रागाचंही, तसंच. सणाच्या नाचात अंगात येतो तसा तो आवेश असू शकतो, घरातल्या थोरांनी ताल धरून शिकवलेला. मग लढाईत शिरताना तुमचं कॅरॅक्टर किंचाळणार नाही, गाईल. टेबलावर हे ऐकायला फार छान वाटतं.

प्रश्न: मी डीएम आहे. पाच प्लेअरपैकी चौघांच्या बॅकस्टोरी शोकांतिका आहेत, एकीची सुखी. तिचं कॅरॅक्टर प्रत्येक भावनिक प्रसंगात बाजूला पडतं.

हे दोन कारणांनी होतं. एक, तिच्या घराला टेबलावर वेळच मिळत नाही. दुसरं, इतरांच्या दुःखात तिला काय बोलायचं ते कळत नाही. सल्ला दिला तर चौघं वैतागतात.

दुसरी गोष्ट सोपी आहे. तिला सांगा, सल्ला देऊ नकोस, प्रश्न विचार. "तुझी बहीण हसायची कशी?" असं विचारायला सुखी घरातलं माणूसच धजतं, आणि त्या प्रश्नानं दुसऱ्या प्लेअरला आपली बॅकस्टोरी तोंडानं सांगायची संधी मिळते. चौघांपैकी कुणी "तुला दुःख काय कळणार" म्हणालं तर घाईनं मिटवू नका. दोघांनाही एकेक वाक्य बोलू द्या, मग सेशन पुढे न्या.

तिच्या घराला वेळ मिळावा यासाठी सेंडिंग हा दूरवर निरोप धाडणारा स्पेल (मंत्र) हाताशी ठेवा. तो तिसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे, म्हणजे क्लेरिक, विझर्ड (अभ्यासानं जादू शिकलेला) किंवा बार्ड (गायक-जादूगार) स्वतः पाचव्या लेव्हलला पोचला की मिळतो. निरोप २५ शब्दांचा, आणि समोरच्याला तिथल्या तिथे तसंच उत्तर देता येतं. ही मर्यादाच मजेची आहे. आई बोलायला लागते आणि मुख्य गोष्ट सांगायच्या आत शब्द संपतात. प्लेअरला बोटांवर शब्द मोजायला लावा, तुम्हीही मोजा. त्याआधीच्या लेव्हलना पत्रं पुरतात: दर डाउनटाइमला (दोन साहसांमधल्या निवांत काळात) चार ओळींचं एक, आणि त्यातली एक ओळ पार्टीतल्या दुसऱ्या कुणाबद्दल. "तुमच्यातल्या त्या गप्प फायटरला लोकरी मोजे पाठवलेत, मापाचे नसतील तर कळव." दोन-तीन पत्रांत ते घर पाचही जणांचं होतं. त्या फायटरला मोजे मिळतात तेव्हा प्लेअर काय करतो ते बघा; बहुतेक वेळा तो ते शीटवर लिहून ठेवतो.

एक धोका आहे. घर म्हणजे फुकटची धर्मशाळा आणि औषधांचं कोठार होऊ देऊ नका, नाहीतर तिथली माणसं पुसट होतात. घरानं तीन गोष्टी द्याव्यात: आसरा, बातमी, ओळख. हत्यारं आणि पोशन (जादूची औषधं) पार्टीनं स्वतः मिळवावीत.

प्रश्न: आमच्याकडे बॅकस्टोरी डाइसवर ठरते. तक्त्यात शोकांतिका आली तर सुखी कॅरॅक्टर कसं करायचं?

आधी तक्ते नीट बघा, ते वाटतात तितके निष्ठुर नाहीत. झानाथार्स गाइड टू एव्हरीथिंग (२०१७) या पाचव्या आवृत्तीच्या पूरक पुस्तकातल्या जीवनप्रसंगांच्या तक्त्यात १०० पैकी १० आकडे शोकांतिकेचे आहेत आणि तितकेच, १०, भाग्योदयाचे. बालपणीच्या आठवणींसाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकून त्यात करिश्मा मॉडिफायर (कॅरॅक्टरच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावरून ठरणारा अधिक-उणे आकडा) मिळवतात. आकडा जितका मोठा तितकं बालपण मित्रांनी भरलेलं. म्हणजे करिश्मावर चालणाऱ्या बार्ड, पॅलाडिन, सॉर्सरर, वॉरलॉक या क्लासच्या कॅरॅक्टरांचं बालपण तक्त्यावरही सहसा चांगलंच निघतं.

तरी मृत्यू आलाच, तर तो कसा आला आणि त्यानंतर घरानं काय केलं हे तुम्ही ठरवा. आजोबा ८८ व्या वर्षी झोपेत गेले. सगळे जमले, रडले, आणि त्यांची सुतारकामाची हत्यारं नातवंडांनी वाटून घेतली. तुमच्या वाट्याला रंधा आला. तो वस्तूंच्या यादीत लिहा, आणि पहिल्याच सेशनमध्ये कुठलंतरी कुरकुरणारं दार त्यानं तासून द्या.