पेपर किती लागतील ते सोड, आधी शीट दाखव

प्रिय डॉक्टर,

तुझा मेल वाचला. फेलोशिप कुठे करू, रोबोटने सर्जरी शिकू का आणि करिअरसाठी रिसर्च पेपर किती लागतात, तिन्ही एका दमात विचारलंस. फेलोशिप जिथे केसेस भरपूर आणि हातात काम देतात तिथे कर, रोबोट ओपन सर्जरी नीट जमल्यावर. पेपरचं मात्र थोडं सविस्तर सांगतो.

तू असिस्ट केलेल्या पेशंटचं पुढे काय झालं हे तुझ्याकडे एखाद्या शीटमध्ये लिहिलेलं आहे का? लिव्हर आणि बाइल डक्टच्या (पित्तनलिकेच्या) कामात अ‍ॅकॅडमिक करिअर इथूनच सुरू होतं. हेपॅटेक्टॉमी, म्हणजे लिव्हरचा भाग कापून काढायचं ऑपरेशन, संपली की पोरं जुनी नोट कॉपी-पेस्ट करतात, लिव्हर रिसेक्ट केलं, हिमोस्टॅसिस (रक्त थांबलंय ना) पाहिला, ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवला, झालं! त्यातून पुढे काय डोंबल रिसर्च होणार? प्रिंगल (लिव्हरचा रक्तपुरवठा थोडा वेळ दाबून बंद करणं) एकूण किती मिनिटं, मधे किती वेळा सोडला, राइट पोस्टिरिअर डक्ट (लिव्हरच्या उजव्या मागच्या भागाची पित्तनलिका) कुठे मिळत होती (ती लेफ्ट डक्टमध्ये उघडणारे पेशंट काही दुर्मिळ नाहीत), उरणारं लिव्हर सीटीवर किती टक्के मोजलं होतं, हे ग्लोव्हज काढले की लगेच लिही, रात्रीपर्यंत अर्धं विसरायला होतं. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं बिलिरुबिन (पित्तातला पिवळा रंग) तपासायला पाठव, रक्तातल्याच्या तिप्पट किंवा जास्त आलं तर बाइल लीक (पित्ताची गळती), ही 2011 ची आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. नुसतं 'ड्रेन जरा पिवळा वाटतो' लिहिलंस तर तुझा डेटा कोणाच्याच डेटाशेजारी ठेवता येणार नाही. कॉम्प्लिकेशनला क्लेव्हियन-डिंडो ग्रेड (ते किती गंभीर याचा ठरलेला दर्जा) दे आणि तो शक्यतो त्या ऑपरेशनमध्ये नसलेल्या माणसाकडून घे, कारण स्वतःची केस असली की ग्रेड थ्रीचा टू कधी होतो कळतही नाही.

विषय निवडताना मोठ्या मशीनच्या मागे लागू नकोस. स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये लॅप कोलेसिस्टेक्टॉमीतल्या (दुर्बिणीतून गॉलब्लॅडर काढतानाच्या) बाइल डक्ट इंजुरीची वर्गवारी केली, आणि त्याच पेपरमध्ये क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी, म्हणजे काही कापण्याआधी काय दिसायलाच हवं ते, आलं. गॉलब्लॅडर आणि लिव्हरमधल्या त्रिकोणातली चरबी साफ, गॉलब्लॅडरचा खालचा भाग लिव्हर बेडपासून सुटलेला आणि गॉलब्लॅडरमध्ये जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी दिसतायत, हे सगळं होईपर्यंत क्लिप लावायची नाही. इंजुरी नीट बघून, वेगवेगळ्या करून मांडल्या, यात फॅन्सी काय होतं सांग? कुइनो या सर्जनने पाडलेले लिव्हरचे आठ सेगमेंटसुद्धा लिव्हरच्या आतल्या फांद्या चिकाटीने बघूनच आले, त्याचं पुस्तक 1957 चं, आणि आपण अजून रोज त्याच आकड्यांत बोलतो.

ऑथरशिपचं पहिल्याच मीटिंगला बोलून घे, लाजू नकोस, शेवटी बोलायला गेलं की तोंडं वाकडी होतात. आणि कोणी म्हणालं की सिरीजमधून (पेपरसाठी घेतलेल्या केसेसमधून) दोन डेथ वगळूया, पेशंट फारच सिक होते, तर तुझं नाव काढून घे. सिनिअर असला तरी. हे बोलायला सोपं आहे, करताना पोटात गोळा येतो, माहितीये मला.

आणखी एक, डक्ट रिपेअरवर लिहिणार असशील तर तीन महिन्यांच्या फॉलोअपवर 'रिझल्ट एक्सलंट' लिहू नकोस. हेपॅटिकोजेजुनोस्टोमी (पित्तनलिका आतड्याला जोडलेला जोड) आवळायला कधी कधी काही वर्षं जातात, तोवर पेशंटचा नंबर बदललेला असतो. म्हणून शीटमध्ये पहिल्याच दिवशी दोन नंबर घे, एक पेशंटचा, एक घरच्यांपैकी कोणाचा तरी. शीट बनली की पाठव, कॉलम मी बघतो.

तुझा,
सर